शिवडीची इशारतीची तोफ

शिवडीच्या किल्ल्याचा सगळा पराक्रम एका वाक्यात संपतो. शत्रू आला, आतल्यांनी एक तोफ उडवली आणि पळ काढला.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश दर्यावर्दी होता. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला तेव्हा हा माणूस याच मुलखात होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने त्या धामधुमीत उतरलाही होता. पुढे १७२७ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं, त्यात ही हकीकत आहे. सिद्दी वीस हजार माणसं घेऊन रात्रीच्या काळोखात शिवडीला उतरला. तिथल्या चौकीने इशारतीची तोफ डागली आणि जागा सोडली. एक वाजता मुख्य किल्ल्यातून तीन तोफा झाल्या आणि तटाबाहेर निर्धास्त झोपलेल्या वस्तीत एकच हलकल्लोळ उडाला. गोऱ्या काय आणि काळ्या काय, बायका पोरं कडेवर मारून, अंगावर धड कपडा नसताना किल्ल्याच्या दरवाज्याकडे धावत सुटल्या. दरवाजा काही उघडला नाही. उजाडेपर्यंत सगळ्या बाहेरच ताटकळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझगावचा छोटा किल्लाही गेला. तिथल्यांनी तर पैशांच्या पेट्या आणि तोफा जागच्या जागी टाकून पोबारा केला, असं हॅमिल्टन सांगतो. वीस हजार हा आकडाही त्याचाच, आणि तो सढळ हाताने लिहिलेला असावा असं मला वाटतं.

हॅमिल्टनचा सूर कुचेष्टेचा आहे. त्याचा खरा राग गव्हर्नर सर जॉन चाइल्डवर. चाइल्डने औरंगजेबाशी वाकडं घेतलं, मोगलांची जहाजं धरली, त्यात सिद्दीच्या फौजेसाठी चाललेलं धान्यही अडवलं. धान्य सोडा, नाहीतर मुंबईत येतो, असा निरोप सिद्दीने आधीच पाठवला होता आणि दिलेला शब्द त्याने पाळला. म्हणजे हल्ला होणार हे माहीत होतं, कोण करणार हेही माहीत होतं. इतकं असून किल्ल्याच्या बाहेरची माणसं गाढ झोपेत सापडली, आणि दोष कुणाच्या माथी? तर शिवडीच्या चौकीवरच्या चार शिपायांच्या.

मला त्या शिपायांची बाजू घ्यायची आहे.

आपल्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला जो वॉचमन बसतो, त्याने दरोडेखोरांशी दोन हात करून त्यांना चीत करावं अशी आपली अपेक्षा नसते. त्याने जागं राहावं आणि वेळेला शिट्टी मारावी, एवढंच. तेवढं त्याने केलं की त्याचं काम झालं. पुढे कमिटीने, पोलिसांनी, आपण सगळ्यांनी करायचं असतं. टेहळणीच्या बुरुजाची नोकरी हीच. बघायचं आणि कळवायचं. शिवडीच्या लोकांनी काळोखात गलबतं ओळखली, तोफेला बत्ती दिली, कळवलं. त्यानंतर हजारोंच्या फौजेसमोर मूठभर माणसांनी तिथे उभं राहून मरण्याने मुंबईचा काय फायदा होणार होता?

पण आपल्याला किल्ला म्हटलं की लढाई लागते. पोवाडा लागतो, एखादा कडा लागतो, बलिदान लागतं. माझ्यासारखी परळ-लालबागची माणसं रात्रीची एसटी पकडून राजगड-तोरणा पालथा घालतात. ट्रेकच्या ग्रुपवर रोज सकाळी बुरुजांचे फोटो येऊन पडतात. हार्बर लाइनवर दोन-तीन स्टेशनं पलीकडे असलेल्या किल्ल्यात पाऊल ठेवलेला माणूस मात्र त्या ग्रुपवर शोधून सापडत नाही. ‘तिथे काय झालं होतं?’ असं विचारतात. तोफ उडवून पळाले, हे ऐकून हसतात आणि पुढच्या रविवारचा कळसूबाईचा बेत चालू ठेवतात.

शाळेत आपल्याला मध्ययुगीन इतिहास शिकवला तो शिवकाळ आणि पेशवाई धरून. त्या हिशेबाने शिवडीचा किल्ला मध्ययुगातच बसतो. १६८० च्या सुमारास इंग्रजांनी तो टेहळणीसाठी बांधला. तेव्हाची मुंबई नकाशावर आणायची तर आधी आजची जमीन डोळ्यांपुढून पुसावी लागते. सात बेटं, मधल्या खाड्या, भरतीला पाण्याखाली जाणारी भाटं. शिवडी हे परळ बेटाच्या पूर्व काठावरचं एक खेडं. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादुरशहाने वसईबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. यातली गोम अशी की बेटं मिळाली, शेजार मिळाला नाही. उत्तरेला खाडीपलीकडे साष्टी, ती पोर्तुगीजांकडेच राहिली. पूर्वेला खाडीपलीकडचा मुलूख आज याचा, उद्या त्याचा. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी. तो मोगलांचा आरमारी सरदार असल्यामुळे त्याला पावसाळ्यात आपल्या बंदरात गलबतं लावू द्यायची आणि वर त्याची दांडगाई सोसायची, अशी कंपनीची अवस्था. शिवाजी महाराजांशीही बिघडून चालणारं नव्हतं. असा शेजार असला की दारावर कुणीतरी बसवावंच लागतं.

म्हणून मुंबईभोवती या चौक्या आल्या. शीव, शिवडी, माझगाव, डोंगरी, वरळी, माहीम. मोकळ्या अरबी समुद्राकडे नजर लावून बसलेले यात फार थोडे. शीवचा किल्ला गव्हर्नर ऑंजियरच्या कारकिर्दीतला, म्हणजे १६६९ ते १६७७ मधला. तो बघतो साष्टीकडे. शिवडी बघते ट्रॉम्बेकडे आणि बंदराकडे. वरळी आणि माहीम दोघं मिळून माहीमच्या उपसागरावर डोळा ठेवून, आणि त्यांच्यासमोर वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला त्यांच्याकडे डोळे वटारून. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता, गलबतं पाणी भरायला थांबत, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं याची खबर बसल्या जागी मिळे. आज सी लिंकवरून जाताना डाव्या-उजव्या हाताला ही जुनी भांडणं अजून तशीच समोरासमोर उभी दिसतात. गाडीतला माणूस मात्र टोलचे पैसे बघत असतो.

एवढ्या चौक्या कशाला, एकच उंच मनोरा बांधून काम भागलं नसतं का? नसतं. पृथ्वी गोल आहे आणि त्याचा हिशेब सरळ आहे. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, त्याला साडेतीनाने गुणा, क्षितिज साधारण तितके किलोमीटर लांब. पुळणीवर उभ्या माणसाला जेमतेम साडेचार किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. तोच पंचवीस मीटरच्या टेकडीवर चढला तर सतरा-अठरा. शंभर मीटरवर गेला तर पस्तीस. म्हणजे नजर दुप्पट लांब न्यायची तर उंची चौपट करावी लागते, आणि त्या काळात चौपट उंच बांधणं म्हणजे कंपनीच्या लंडनमधल्या हिशेबनिसांना झीट आणणं. त्यापेक्षा आयत्या टेकड्या होत्या, त्यांच्या माथ्यावर चार भिंती घातल्या की झालं. गलबत वाऱ्यावर ताशी आठ-दहा किलोमीटर चालत असेल, तर सतरा-अठरा किलोमीटरवर दिसलेलं शीड काठाला लागायला दोन तास घेतं. टेहळणीचा बुरूज म्हणजे विकत घेतलेले हे दोन तास. अर्थात शिवडीसमोर इतकं मोकळं पाणी नाही, समोरचा किनारा आणि बेटं आड येतात. आणि रात्री तर हे सगळं गणितच बंद पडतं. सिद्दी रात्री आला, यातच त्याची हुशारी दिसते.

रात्री नजरेचं काम आवाजाने करायचं. शिवडी ते मुख्य किल्ला हे अंतर हॅमिल्टन चार मैल धरतो, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर. आवाजाला ते तोडायला वीस सेकंद पुरतात. अंधारात, माडांच्या वाड्यांतून आणि चिखलातून धावणाऱ्या माणसाला तास लागला असता. वीस सेकंदांत खबर पोचवणारी दुसरी कुठलीही यंत्रणा त्या वेळी मुंबईत नव्हती. हरकारे, घोडे, मचवे, सगळे तिच्या मागे. शिवडीच्या तोफेने जे करायचं ते केलं. किल्ल्याने त्या खबरीचं काय केलं, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दरवाज्याबाहेर ताटकळलेल्या बायकांना विचारायला हवं होतं.

आता या चौक्यांवर बसायचं कोण? गोरे शिपाई मूठभर, त्यात मुंबईच्या हवेने निम्मे अंथरुणाला खिळलेले. ऑंजियरने इथल्याच लोकांची शिबंदी उभी केली. त्यात भरणा भंडाऱ्यांचा. पाच-सहाशे माणसं, वर त्यांचेच सुभेदार, आणि ठाणी माहीम, शिवडी नि शीव इथे. मुंबई पोलिसांचा इतिहास सांगताना सुरुवात या भंडारी शिबंदीपासून करतात ती यामुळेच. पुढे कितीतरी वर्षं कोर्टाचं सत्र सुरू होताना शेरीफच्या पुढे निशाण घेऊन चालण्याचा आणि लांबलचक पितळी कर्णा फुंकण्याचा मान भंडाऱ्यांकडे असे.

हे वाचलं तेव्हा मला आजोळ आठवलं. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, अगदी पुळणीच्या कडेला घर. मामा माडी काढायचा. कमरेला कोयती, पायात दोरीचा फास, बुंध्यावर कोरलेल्या खाचांत पाय रोवत बघता बघता तो झावळ्यांत दिसेनासा व्हायचा. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, छेदून मडकं बांधायचं, एवढंच त्याचं वरचं काम. पण खाली उतरण्याआधी तो नेहमी एकदा समुद्राकडे मान वळवायचा. एखाद्या दिवशी वरूनच हाक यायची, ‘गे, होडी दिसता! टोपली घेवन जा!’ आजी लगेच वाटण काढायला बसायची. आमच्यापैकी कुणालाही पुळणीवरून होडी दिसत नसे. ती यायला अजून बराच अवकाश असे. आजीने होडी आल्याची खात्री करून घेतल्याचं मला तरी आठवत नाही. माडावरून हाक आली की आली.

चौक्यांवर भंडारीच का नेमले, याचं उत्तर लढाऊ बाण्यात आणि स्वस्त पगारात शोधतात. ते असेलही. माझा तर्क जरा वेगळा आहे. मुंबईत तेव्हा माडांची राने होती. माहीमपासून गिरगावपर्यंत नुसत्या वाड्या. त्या माडांच्या शेंड्यावर रोज सकाळ-संध्याकाळ चढणारी जमात एकच. समुद्राकडे उंचावरून बघायची, शीड ओळखायची, ते आपलं की परकं हे सांगायची आणि खालच्यांना हाक घालायची सवय त्यांच्या अंगातच होती. कंपनीने दगडी बुरूज उशिरा बांधले. त्याआधी कित्येक पिढ्या माणसं माडांवरून टेहळणी करतच होती, फक्त तिचा पगार कुणी देत नव्हतं. उलट माडीवर करच होता.

आणि गंमत म्हणजे पलीकडच्या बाजूलाही तेच. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या बंदराच्या तोंडावर खांदेरीचं बेट बांधायला काढलं. इंग्रजांचा अगदी तिळपापड झाला, कारण खांदेरीवरून बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज मोजता येत होतं. त्यांनी बेटाला वेढा घातला, रिव्हेंज नावाचं मोठं जहाज आणलं, केग्विनसारखा अधिकारी पाठवला. मराठ्यांच्या लहान लहान होड्या रात्रीच्या अंधारात आणि उथळ पाण्यातून रसद नेतच राहिल्या, आणि इंग्रजांचं डव्ह नावाचं एक गलबतही त्यांनी धरलं. पुढच्या वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणं बसवलं. खांदेरीवर काम चालू ठेवणारा महाराजांचा आरमारी सुभेदार होता मायनाक भंडारी. म्हणजे खांदेरीवरून मुंबईकडे बघणारे डोळे भंडाऱ्यांचे आणि शिवडीवरून बंदराकडे बघणारेही भंडाऱ्यांचेच. जातभाईंना एकमेकांवर पाळत ठेवायला लावणारा हा मामला दोन्हीकडच्या बखरींत आणि पत्रांत कुठेतरी हरवून गेला. शिवडीची चौकी १६८० च्या सुमारास उभी राहते, तीही याच धामधुमीत. खांदेरीचं नाव आता २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, महाराजांच्या बाकीच्या किल्ल्यांबरोबर. ते व्हायलाच हवं होतं. शिवडीला त्या यादीत जागा नाही आणि कुणी मागणारही नाही. पण खांदेरी समजून घ्यायची असेल तर तिला घाबरून कोण कुठे बसलं होतं, तेही बघायला हवं.

१७३७ मध्ये तर हे फारच उघड होतं. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या फौजांनी साष्टी घेतली, ठाण्याचा किल्ला घेतला. मिठी नदीच्या अल्याड कंपनी, पल्याड मराठे. त्याच वर्षी गव्हर्नर जॉन हॉर्नने धारावीच्या काठावर रिवाचा किल्ला बांधला. त्यावरच्या शिलालेखात त्याचं नाव आणि साल आजही वाचता येतं. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, आणि त्याच नावाचा बेस्टचा डेपो तिथे असल्यामुळे मुंबईतल्या हजारो माणसांनी ‘एक काळा किल्ला’ म्हणून तिकीट काढलेलं असतं. ती पाटी ज्याच्यावरून आली तो किल्ला घरांच्या दाटीत अंग चोरून उभा आहे. दोन वर्षांनी वसई पडली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागला तर माहीमवर तोफा रोखल्या जातील, म्हणून त्याचा बराच भाग आधीच पाडून टाकण्यात आला. आजही तिथे तट तुटका दिसतो, त्यावर जोडपी बसतात.

काळ्या किल्ल्यासमोर उभं राहिलं की मराठी माणसाची जरा पंचाईत होते. राजगडावर प्रश्न येत नाही. तिथे आपण आपल्याच बाजूला असतो. इथे बुरुजावरून ज्यांची वाट बघितली जात होती ते आपण, आणि बुरुजावर पहारा देणाऱ्यांतही आपणच. वसईच्या विजयाने माझा ऊर भरून येतो, हे खरं. त्याच वेळी मिठीच्या अल्याडच्या वस्तीत, उद्या काय होईल या धास्तीने रात्र काढणारे कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू होते, आणि ते माझे कुणी नव्हते असं म्हणणं मला जमत नाही. हा तिढा सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही. तो तसाच असू द्यावा.

सिद्दीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. माहीम घेऊन तो वर्षभर मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. शेवटी कंपनीने औरंगजेबापुढे नाक घासलं, दीड लाखाचा दंड भरला आणि चाइल्डला हाकलण्याचंही कबूल केलं. पण हुकूम बजावण्याआधीच, १६९० च्या आरंभी तो वारला. त्या पावसाळ्याच्या तोंडावर सिद्दी निघून गेला, जाताना माझगावचा किल्ला जाळून. त्या किल्ल्याच्या जागी भंडारवाड्याच्या टेकडीवर आता बाग आणि पाण्याचा जलाशय आहे. डॉकयार्ड रोडच्या फलाटावरून वर बघितलं की झाडं दिसतात, तीच जागा.

शिवडीचा किल्ला मात्र उरला. टेहळणीची गरज सरल्यावर त्यात कैदी ठेवले, नंतर बंदराचं गोदाम झालं. गोदाम झाल्यामुळेच तो वाचला असावा. ज्या इमारतीत माल ठेवता येतो ती इमारत मुंबईत सहसा कुणी पाडत नाही. भोवतालचा डोंगर मात्र दगडासाठी फोडून नेला, त्यामुळे एका अंगाला सरळ तुटलेला कडा आहे आणि किल्ला होता त्याहून जास्त दुर्गम दिसतो. खडी काढणाऱ्या ठेकेदारांनी नकळत केलेली ही तटबंदी.

आत शिरताना एक गोष्ट लक्ष देऊन बघावी. दगडी दरवाज्यातून गेलं की समोर छोटा चौक येतो, पण आतला दरवाजा नाकासमोर नाही. काटकोनात वळून आहे. बाहेरचा दरवाजा फोडून मुसंडी मारणाऱ्याला आत येऊन थबकावं लागतं, वळावं लागतं, आणि तेवढ्यात वरच्यांना नेम धरायला वेळ मिळतो. या किल्ल्यातल्या प्रत्येक गोष्टीचा उद्देश हाच दिसतो: थोडा वेळ मिळवणं. पुढे कमानदार छताचं लांबट दालन आहे. त्यात उन्हाळ्यातही गारवा असतो आणि वटवाघळांचा उग्र वास. एक खोली पाच कोनांची. तिच्या भिंतींवर आता खडूने, कोळशाने आणि खिळ्याने कोरलेली नावं आहेत, बाण घुसलेली बदामं आहेत, एका ठिकाणी कुणीतरी क्रिकेटचा धावफलक मांडून ठेवला होता आणि शेवटची विकेट पडायच्या आधीच खेळ थांबलेला दिसत होता. तटावर चिलखतासारखा हिरवा-काळा शेवाळाचा थर. बाजूला दर्गा, तिथे शुक्रवारी वर्दळ असते. किल्ल्यात शुक्रवार काय नि रविवार काय, शेळ्या आणि पोरं.

मी गेलो तेव्हा तटावर एक म्हातारे गृहस्थ पाय सोडून बसले होते. जवळच्याच वस्तीत राहणारे, गोदीतून रिटायर झालेले. मला वाटलं पक्षी बघायला आले असतील. विचारलं तर म्हणाले, ‘छे हो. घरात टीव्हीचा आवाज फार. इथं बसलं की कुठलं जहाज आलं, कुठलं निघालं, सगळं समजतं.’ मग बोट दाखवून सांगायला लागले. हा टँकर कालपासून उभा आहे. तो बार्ज रेतीचा. ती पलीकडे चिमणी दिसते ना, तिचा धूर आज वेगळा आहे, वारा फिरलाय. पगार नाही, ड्यूटी नाही, तरी चौकीवर हजर. मी नमस्कार केला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो. त्यांनी आणखी बरंच सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, कारण मला एक जहाज दुसऱ्याहून वेगळं दिसत नव्हतं.

समोर आता काय आहे? चिखलाची भाटं, तिवरांची झाडी, पलीकडे माहुलच्या तेलाच्या टाक्या. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत भाटांवर रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी, आणि त्यांना बघायला शिवडी जेट्टीवर दुर्बिणी घेऊन माणसं येतात. पक्ष्यांसाठी आलेल्यांपैकी मागे वळून टेकडीवर नजर टाकणारा एखादाच. आणि उजव्या अंगाने, अगदी शिवडीतूनच, अटल सेतू निघून थेट समुद्रात शिरतो. जवळजवळ बावीस किलोमीटर लांब, १२ जानेवारी २०२४ ला उघडला. ज्या पाण्यातून सिद्दीची गलबतं रात्री चोरपावलांनी आली, त्याच्यावरून आता सहा पदरी रस्ता आहे आणि त्याच्या खांबांवर कॅमेरे. तिकडचा माणूस वीस मिनिटांत इकडे.

कुणी विचारतं, वर बघण्यासारखं काय आहे? किल्ल्यात तसं फार काही नाही. किल्ल्यावरून मात्र आहे. शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरा, रेल्वेच्या कडेकडेने चालत जा, दर्ग्याची वाट कुणीही दाखवेल. पक्षी बघायचे तर ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, भरतीला नुसतं पाणी असतं. भर दुपारी जाऊ नका, तटावर सावली नाही. पाणी बरोबर न्या, वर काही मिळत नाही. आणि आतल्या दालनात शिरताना मोबाइलचा टॉर्च लावा, जमीन खड्ड्यांची आहे.